नवी आवृत्ती घ्यावी का? रामबागेतल्या रविवारच्या टेबलाचा प्रश्न

रामबाग_रविवार
नमस्कार मंडळी. प्रश्न डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (डी अँड डी, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट खेळायचा खेळ) आहे आणि थोडा घरगुतीही आहे.

आम्ही सहा जण. इंदूरला रामबागेत आमच्या घरी, माडीवरच्या खोलीत दर रविवारी चार वाजता बसतो. २०१९ पासून बसतोय. मधला करोनाचा काळ डिस्कॉर्डवर काढला. डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, मी. खेळतो २०१४ची पाचवी आवृत्ती. प्लेअर्स हँडबुकचा कणा दोनदा फेविकॉलने चिकटवलाय. नकाशा म्हणजे कार्डशीटवर आखलेले एक-एक इंचाचे चौकोन आणि गॉब्लिन म्हणजे शेंगदाणे. ज्याने मारला त्याने खायचा, हा आमचा सगळ्यात जुना घरचा नियम.

गेल्या रविवारी फासे पिशवीतून बाहेरच आले नाहीत. दोघांना २०२४ची नवी पुस्तकं हवीत. एकाला हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीला यापुढे एक रुपया द्यायचा नाही, त्याला पाथफाइंडर हा दुसऱ्या कंपनीचा तसलाच खेळ हवा. चौथा म्हणतो कॅम्पेन, म्हणजे चालू असलेली लांबलचक गोष्ट, अर्ध्यावर असताना काहीच बदलू नका. पाचवी माझी आत्या, वय ७१, टेबलावरची आमची बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारं पात्र. ती म्हणाली, "तुमचं ठरलं की हाक मारा," आणि खाली जाऊन तिने चहा ठेवला. त्या दिवशी कोणी शेंगदाणे खाल्ले नाहीत.

पुस्तकं पैशाची आहेत, ते जमवू. मला भीती टेबल मोडण्याची आहे. ज्यांनी मधेच आवृत्ती बदलली त्यांनी कृपया अनुभव लिहा.

अष्टपैलू
आम्ही बदलली, आठव्या लेव्हलला. आधी काय बदललं ते सांगतो, म्हणजे भांडण नेमकं कशावर आहे ते कळेल.

शस्त्रांना आता 'मास्टरी' आहे. लढवय्या कुऱ्हाडीने मारतो तेव्हा शत्रूचे नुसते एचपी (जीव किती उरला तो आकडा) जात नाहीत. कुठलं शस्त्र शत्रूला ढकलतं, कुठलं आडवं पाडतं. जखमा भरणारं क्युअर वूंड्स एका आठपैलू फाशावरून दोनवर गेलं. औषधाची कुपी पाळीतल्या जादा छोट्या चालीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये पिता येते. बेसावध गाठलं तर पूर्वी पहिली फेरीच बुडायची, आता पाळीचा क्रम ठरवणाऱ्या इनिशिएटिव्हला दोन फासे फेकून लहान घ्यायचा असा डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळतो. थकव्याच्या प्रत्येक पायरीला वीसपैलूवर उणे दोन. पॅलडिनचा, म्हणजे धर्मयोद्ध्याचा, स्माइट हा जोरदार वार आता स्पेल (मंत्र) झालाय आणि बोनस अ‍ॅक्शन खातो. आमचा पॅलडिन यावरून दोन आठवडे गप्प होता.

बाकी सांगाडा तोच. जुनी साहसं नव्या नियमांनी चालतात, आम्ही चालवतोय. माझं मत: घ्या, पण एकच संच टेबलावर ठेवा. सहा प्रती कशाला?

मुक्ता_इंदूर
वाचतेय. आमच्याकडेही हेच चाललंय.

एक_रुपयाही_नाही
कंपनीला पैसे न देण्याची बाजू मांडतो, कारण तुमच्या टेबलावरचा तो मित्र मला हट्टी वाटत नाही.

२००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर खुला परवाना आला, ओजीएल. त्याच्या भरवशावर शेकडो छोट्या प्रकाशकांनी पुस्तकं काढली. जानेवारी २०२३ मध्ये त्याचा नवा मसुदा फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वरच्या विक्रीवर २५ टक्क्यांपर्यंत वाटा, आणि जुना परवाना बाद. वीस वर्षं 'हा कायमचा आहे' असं समजून लोकांनी घर बांधलं, आणि एका सकाळी जमीनमालक दारात. लोकांनी डी अँड डी बियाँड या कंपनीच्या वेबसाइटची वर्गणी सोडली तेव्हा कंपनी मागे हटली.

पाथफाइंडरचे नियम, अगदी सगळे, आर्काइव्ह्ज ऑफ नेथिसवर फुकट वाचता येतात. तिकडे नव्या आवृत्तीचे तीन खंड छापील किमतीने दीडशे डॉलरच्या घरात जातात. इंदूरच्या पोराने कुठे जावं, सांगा.

अष्टपैलू
@एक_रुपयाही_नाही, गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. २७ जानेवारी २०२३ला त्यांनी पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा केला. तो परवाना मागे घेता येत नाही. २०२४च्या नियमांचा ५.२ सुद्धा २०२५च्या एप्रिलात तसाच आला. फुकट वाचायचंच असेल तर दोन्ही आवृत्त्यांचा गाभा फुकट आहे.

एक_रुपयाही_नाही
मान्य. पण ते लोकांनी भाग पाडलं म्हणून. ही आठवण राहिली पाहिजे एवढंच म्हणणं आहे.

पंचेचाळिशीतला_एल्फ
रामबागकर, टेबल मोडण्याची भीती म्हणालात म्हणून लिहितोय. इतकी वर्षं हे कुठे लिहिलं नव्हतं.

२००४ साली इंदूरच्या एका इंजिनिअरिंग हॉस्टेलवर आम्ही ३.५, म्हणजे तिसरीची सुधारलेली आवृत्ती, खेळायचो. एका मित्राच्या अमेरिकेतल्या मामाने एकच पुस्तक पाठवलं होतं. वीसपैलू फासा इंदुरात कुठे मिळणार? स्टीलच्या डब्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. डबा हलवायचा, चिठ्ठी काढायची, वाचून परत टाकायची. पुढे वाचलं की १९७९च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा मूळ टीएसआर कंपनीनेही पेटीत आकड्यांच्या चकत्या दिल्या होत्या. ते वाचून मला फार आनंद झाला होता.

२००८ला चौथी आवृत्ती आली. तोवर आम्ही नोकरीला लागलो होतो, तरी महिन्यातून एकदा बसायचो. ज्याचं पुस्तक, तोच म्हणाला आता चौथी खेळू. मी विरोधात. अ‍ॅट-विल, एन्काउंटर, डेली... लढवय्या असो की जादूगार, प्रत्येकाला सारख्याच, पत्त्यांसारख्या शक्ती. मी म्हणालो हा व्हिडिओ गेम आहे. तो म्हणाला तू न वाचताच बोलतोयस. खरं होतं, मी वाचलं नव्हतं. आवाज चढले आणि मी असं काही बोललो जे नियमांबद्दल नव्हतं. तो डबा घेऊन निघून गेला. पुन्हा आम्ही कधी बसलो नाही.

आता २०२४ची वाचतो तर लढवय्याला प्रत्येक वाराला काहीतरी करता येतं, हे चौथीत होतं. अर्धे एचपी गेले की 'ब्लडीड', हा शब्दही चौथीतूनच परत आला. ज्यावरून मी मित्र घालवला ते आज सगळे आवडीने खेळतायत.

म्हणून सांगतो, आवृत्ती कुठलीही घ्या, पण ज्याचं ऐकलं जाणार नाही त्याच्याकडे आधी एकटं जाऊन बोला. टेबलावर मतं मोजू नका.

मुक्ता_इंदूर
एल्फकाका, त्या मित्राला फोन करा. नंबर असेलच.

कट_हुकूम
आमच्याकडे उन्हाळ्यात पुण्याची भावंडं यायची आणि पहिली दोन दुपार मेंढीकोट सुरूच व्हायचा नाही. त्यांचा बंद हुकूम, आमचा कट हुकूम. आजी म्हणायची, ज्याच्या घरी खेळता त्याचा नियम. पुण्याला गेलो की त्यांचा. सोळा वर्षं असं चाललं, कोणी रुसून गेलं नाही. तुमच्या माडीवर तुमच्या घरचा नियम, सोपं आहे.

अष्टपैलू
@कट_हुकूम, पण मेंढीकोटाचा डाव तासाभरात संपतो हो. इथे एक माणूस पाच वर्षं एकच पात्र वाढवतोय. हुकूम बदलला तर त्याच्या हातातला एक्का दुर्री होऊ शकतो. आमच्या पॅलडिनचं तेच झालं.

रेवातीर
मी शिकवते. गेली तीन वर्षं शाळेतल्या मुलांना शनिवारी हा खेळ खेळवतेय. मुलं बारा-तेरा वर्षांची, घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, पुस्तकं इंग्रजी. माझ्याकडे हा प्रश्न वेगळाच होऊन येतो. आवृत्ती दहावी आली तरी 'प्रोफिशिअन्सी बोनस' वाचून जो मुलगा मान खाली घालतो त्याला काय?

वर परवान्याची चर्चा झाली, त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कोणी बोललंच नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या या परवान्यात मूळ संचाचं श्रेय दिलं की भाषांतर करता येतं, छापता येतं, विकताही येतं. कोणाची परवानगी मागायची नाही. त्यांचं बोधचिन्ह आपल्या पुस्तकावर लावायचं नाही, आणि बिहोल्डरसारखे काही राक्षस त्यांनी स्वतःकडे राखलेत, ते वगळायचे. राक्षसांची आपल्याकडे वानवा नाही.

म्हणजे आज, कायद्याने, डी अँड डीचे नियम मराठीत आणता येतात.

मी वहीत सुरुवात केलीय. सहा गुण: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, जाण, छाप. सेव्हिंग थ्रोला 'निभाव'. विषाचा निभाव, भीतीचा निभाव. मुलांना सांगावंच लागलं नाही, एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे निभावलं का ते बघायचं ना?" अ‍ॅडव्हान्टेजला 'सरशी'. ११ किंवा वर हवं असेल तर एका फाशाने निम्मी संधी, सरशीत दोन फेकून मोठा घेतला तर चारात तीन. गणिताचा तास मला वेगळा घ्यावा लागला नाही.

कट_हुकूम
'निभाव' फार सुंदर! करिष्म्याला 'वजन' ठेवा ना. "त्यांचं गावात वजन आहे."

मुक्ता_इंदूर
मग पाठीवरच्या सामानाला काय म्हणणार? "माझं वजन १६ आहे पण वजन जास्त झाल्याने पळता येत नाही."

कट_हुकूम
😄 मागे घेतो. छापच बरी. पण बार्डला शाहीर हे नक्की. आणि रेंजरला?

मुक्ता_इंदूर
वनरक्षक. तेंदूपत्त्याची पावती मागेल.

निमाडी_मिरची
'पारधी' सुचवणार होते, पण ते एका समाजाचं नाव आहे. खेळातल्या पेशाला ते लावणं बरं नाही. 'रानवाट्या' कसं वाटतं?

रेवातीर
रानवाट्या! लगेच वहीत लिहिलं. आणि मिरची, तुम्ही जिथे बोट ठेवलंत तिथेच मी चार महिने अडकले होते. ते सविस्तर लिहिते, कारण धाग्याचा मूळ प्रश्न त्याला येऊन मिळतो.

२०१४च्या पुस्तकात पात्र बनवायची पहिली पायरी 'रेस'. एल्फ, ड्वार्फ, हाफ-ऑर्क. फळ्यावर लिहिलं आणि मागच्या बाकावरून मुलाने विचारलं, "बाई, रेस म्हणजे जात का?" मी नाही म्हणाले. पुढची ओळ होती की ड्वार्फ म्हणून जन्मलात तर काटकपणा दोनने वाढतो, हाफ-ऑर्क असाल तर बळ. दुसरा म्हणाला, "मग जातच की." मी खडू खाली ठेवला. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२०२४मध्ये तो शब्द गेला, 'स्पीशीज' आला, आणि गुणांची वाढ जन्मावरून काढून बॅकग्राउंडवर नेली. तुम्ही कोणाच्या पोटी आलात त्यावर नाही, आजवर काय केलंत त्यावर. इंग्रजी फोरमवर या बदलाला लोक कंटाळलेत, म्हणतात उगाच शब्दांची फिरवाफिरव. मराठीत वर्गात उभं राहून शिकवा, मग कळेल तो बदल किती मोठा आहे. या एका कारणासाठी मी नवी आवृत्ती घेतली. भाषांतरही ५.२चंच करतेय.

निमाडी_मिरची
रेवाताई, तुमचं मन कळतं, पण इथे मी तुमच्याशी सहमत नाही.

नव्या पुस्तकातली बॅकग्राउंड्स बघा. प्रत्येकीला तीनच गुण ठरलेले. सैनिक: बळ, चपळाई, काटकपणा. शेतकरी: बळ, काटकपणा, जाण. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या पात्राची बुद्धी वाढवायची सोय नाही. युरोपातल्या वाचकाला शेतकरी हा पेशा वाटेल. आपल्याकडे बापाचा पेशा मुलाला चिकटतो आणि त्यालाच आपण काय म्हणतो ते तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलाला ठाऊक आहे. पुढच्या दारातून घालवलेलं मागच्या दाराने आत आलं. मी स्वतः खरगोनजवळच्या शेतकरी घरातली आहे, संगणकशास्त्र शिकले, म्हणून हे मला टोचलं.

आणि २०२० साली ताशाच्या (जादा नियमांच्या) पुस्तकात गुण कुठेही लावायची मुभा दिली होतीच. २०१४च्या नियमांत ती सोय वापरली तर नव्या आवृत्तीपेक्षा मोकळं होतं.

रेवातीर
मिरची, हे मी पाहिलं नव्हतं. खरंच नव्हतं. शेतकऱ्याच्या ओळीवरून मी पुढे गेले, कारण मी शेतकरी घरातली नाही.

अष्टपैलू
नव्या डीएम गाईडमध्ये स्वतःची बॅकग्राउंड बनवायची रीत दिलीय. पण ती डीएमच्या पुस्तकात आहे. खेळाडूच्या पुस्तकात पहिल्या दिवशी दिसत नाही. मिरची म्हणतात तो मुद्दा उभा राहतोच.

रेवातीर
मग मराठी वहीत ती पहिल्याच पानावर जाईल. 'तुम्ही आजवर काय केलंत ते सांगा आणि त्यातून कुठले तीन गुण वाढले ते तुम्हीच निवडा.' तयार यादी त्यानंतर. असा बदल करायला परवाना आड येत नाही.

निमाडी_मिरची
असं केलंत तर मी टायपिंगला बसते. महेश्वरला महिन्यातून एकदा येणं असतंच.

दोन_बारापैलू
थोडं बाजूला जाऊन: डॅगरहार्ट कोणी खेळलंय का? २०२५मध्ये आलं. दोन बारापैलू फेकायचे, एक आशेचा, एक भीतीचा. बेरीज तर बघायचीच, पण कुठला फासा मोठा आला त्यावर गोष्ट कुठे वळते ते ठरतं. इनिशिएटिव्ह नाही. माझी बायको डी अँड डीला कंटाळून उठायची, यात रात्री बारापर्यंत बसली. छंदाचं भवितव्य फक्त एका कंपनीच्या आवृत्त्यांना बांधलेलं नाही, हे टेबलावर प्रत्यक्ष दिसलं.

एक_रुपयाही_नाही
+१.

पेंढारी_नव्हे_शिलेदार
एवढी चर्चा झाली आणि माळव्याचं नाव नाही? माझं कॅम्पेन १८१७च्या पावसाळ्यानंतर सुरू होतं. यशवंतराव होळकरांना जाऊन सहा वर्षं झालीत, गादीवर लहान मल्हारराव, तुळसाबाईंच्या हाती कारभार, नर्मदेच्या खोऱ्यात पेंढारी, आणि इंग्रजांच्या फौजा चहूबाजूंनी जवळ येतायत. खेळाडूंना माहीत आहे की २१ डिसेंबरला महिदपूरला इंग्रजांशी लढाईत काय होणार. त्यांच्या पात्रांना माहीत नाही. एका खेळाडूने क्षिप्रेच्या काठी पात्राच्या तोंडून आईला पत्र सांगितलं आणि टेबलावर पाच मिनिटं कोणी बोललं नाही.

अंधारकोठडी हवी तर मांडू आहे. पावसाळ्यात धुकं उतरतं, चार पावलांवरचा जहाज महाल दिसत नाही, आणि ती खुरासानी चिंचेची पोट सुटलेली झाडं. मी एकदा दिवसभर फिरून वहीत नकाशा काढून आणला. ड्रॅगन लागला नाही.

नियम? अजून ३.५, अर्धे विसरलेले. कोणी तक्रार केली नाही.

पंचेचाळिशीतला_एल्फ
शिलेदार, एक जागा रिकामी असेल तर कळवा.

मुक्ता, फोन लावला. तो आता जबलपूरला असतो. चाळीस मिनिटं बोललो. डबा त्याने ठेवलाय, चिठ्ठ्यांसकट. १७ नंबरची हरवलीय म्हणाला.

मुक्ता_इंदूर
काका 🙏 १७ची नवी लिहून घेऊन जा.

रामबाग_रविवार
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार होता, काय झालं ते सांगतो.

एल्फकाकांचं ऐकून शनिवारीच एकेकाला गाठलं. पाथफाइंडरवाल्या मित्राशी सराफ्यात बसलो, दुकानं मिटून खाण्याचे ठेले लागल्यावर. भुट्ट्याचा कीस संपेपर्यंत तो परवान्यावरच बोलत होता. शेवटी म्हणाला, राग कंपनीचा आहे, तुमचा नाही. मूळ नियमसंच वापरणार असाल तर मी आहे. नव्याच्या बाजूचे दोघे मास्टरी आणि बरं करण्याचे वाढीव फासे मिळाले तर खूश. तेवढं आत्ताच्या कॅम्पेनमध्ये घेतलं. बाकी २०१४ तसंच, शेवटापर्यंत. पॅलडिनला हात लावलेला नाही.

मग आत्याकडे गेलो. ती इतकी वर्षं खेळतेय आणि मी तिचं कॅरेक्टर शीट कधी नीट हातात घेतलं नव्हतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने आखलेलं. एचपीचा चौकोन खोडून खोडून भोक पडलेला, मागून रक्षाबंधनाच्या पाकिटाचा तुकडा चिकटवलेला. सगळं मराठीत. स्पेलच्या जागी 'पदं', त्यांच्यापुढे किती उरली त्याच्या उभ्या रेघा. मी विचारलं, "इंग्रजी छापील शीट दिलं होतं ना?" ती म्हणाली, "तुम्ही भराभर बोलता, मला मनात मराठीत उलथं करून घ्यावं लागतं. तोवर माझी पाळी निघून जाते." आम्ही सगळे समजत होतो की आत्या लढाईत गप्प बसते कारण तिला लढाई आवडत नाही.

रेवाताई, तुमच्या वहीतलं जेवढं झालंय तेवढं पाठवाल का? पुढचं कॅम्पेन मराठी नियमांवर, ५.२वरून. आत्याला 'निभाव' सांगितला तर तिने तिथेच पेन काढलं. तिचा एक प्रश्न आहे: रिअ‍ॅक्शनला काय म्हणायचं? तिने 'पलटवार' लिहिलंय.

रेवातीर
आज रात्री फोटो काढून पाठवते. पलटवार मीही आधी लिहिला होता, पण शील्ड ही ढालीची जादूसुद्धा रिअ‍ॅक्शन आहे, तिथे वार नसतो. जागा अजून रिकामी ठेवलीय.

कट_हुकूम
उलटचाल?

निमाडी_मिरची
शील्ड, फेदर फॉल, काउंटरस्पेल, तिन्हींना लागू पडतं. मला चालेल.

रामबाग_रविवार
आत्याला विचारलं. "पाळी नसताना खेळलेली चाल ना? मग आडचाल म्हणा. उलटी कुठे आहे ती?"

रेवातीर
आडचाल. लिहिलं.